गिऱ्हाइकाचा पत्ता, फोन आणि ब्लाऊजचं माप: घरून ऑनलाइन विक्री करणाऱ्यांनी ते कसं सांभाळावं

आमचं साड्यांचं दुकान बेळगावात, शहापूरला. वडगाव-खासबागच्या मागावरच्या साड्या, इरकल, खण, आणि कुणी सांगितलं तर ब्लाऊजही शिवून देतो. दुकानात येणारं गिऱ्हाईक सासरे आणि दीर बघतात. व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्रामवरच्या ऑर्डरी माझ्याकडे. अलीकडे खानापूर, निपाणी, संकेश्वर, पलीकडे चंदगड-गडहिंग्लजपर्यंतच्या कितीतरी बायकांनी घरून विक्री सुरू केली आहे. कुणी मसाला-चटणी विकतं, कुणी कुंदा, कुणी साड्या. फोटो कसे काढायचे, भाव काय लावायचा, हे त्या एकमेकींना विचारतात. गिऱ्हाइकाची माहिती कशी ठेवायची हे मात्र कुणी विचारत नाही, आणि मला तेच सगळ्यात आधी शिकायला हवं असं वाटतं.

कारण बघा. दुकानात आलेली बाई साडी बघते, पैसे देते, पिशवी घेऊन जाते. तिचं नावसुद्धा आपल्याला कळत नाही. तीच बाई फोनवरून साडी मागवते तेव्हा तिचं नाव, घर, फोन, दुपारी घरी कोण असतं, मुलीचं लग्न कधी आहे, छातीचं माप किती, पैसे कुठल्या बँकेतून आले, हे सगळं आपल्या मोबाईलमध्ये येऊन पडतं. तिने ते साडी मिळावी म्हणून दिलेलं असतं, दुसऱ्या कशासाठी नाही. पुढे जे जे सांगते आहे ते सगळं ह्या एका गोष्टीवर उभं आहे.

मागायचं किती

पार्सल पोचायला चार गोष्टी लागतात: नाव, पत्ता, पिनकोड, फोन. जन्मतारीख लागत नाही. लग्नाचा वाढदिवस लागत नाही. नवऱ्याचं नाव लागत नाही. ऑर्डरीचे तयार फॉर्म मिळतात त्यांत हे रकाने हमखास असतात, "वाढदिवसाला ऑफर पाठवू" म्हणून. ते काढून टाका. जी माहिती आपल्याकडे नाहीच ती आपल्याकडून कुठे जाणारही नाही.

ऑर्डर पक्की झाली की मी हा मेसेज पाठवते, तसाच्या तसा उचलला तरी चालेल:

"नमस्कार. पार्सलसाठी एवढंच पाठवा: पूर्ण नाव, घर नंबर, गल्ली, गाव, तालुका, पिनकोड, पार्सलवाल्याने फोन करायचा नंबर. आधार कार्डाचा फोटो पाठवू नका, त्याची गरज नाही. ही माहिती पार्सल पोचवायला आणि बदली-परतीसाठी वापरू. नवीन साड्यांचे फोटो हवे असतील तर 'हो' असं वेगळं कळवा. माहिती काढून टाकायची असेल किंवा काही तक्रार असेल तर ह्याच नंबरवर सांगा."

पिनकोड मात्र आग्रहाने घ्या. आपल्याकडे एकाच नावाची गावं सीमेच्या दोन्ही अंगांना असतात, आणि वडगाव तर सगळीकडेच आहे. पिन ५९० किंवा ५९१ ने सुरू झाला की बेळगाव जिल्हा, ४१६ ने झाला की कोल्हापूर, सांगली किंवा सिंधुदुर्गाकडचा भाग, ४०३ म्हणजे गोवा. पिन चुकला की पार्सल भलत्याच घरी जातं, आणि पार्सलवर तिचं नाव आणि फोन असतो. म्हणून पत्ता बरोबर घेणं हासुद्धा माहिती सांभाळण्याचाच भाग आहे. पत्ता लिहून घेतला की तिला परत पाठवून "बरोबर आहे का" विचारा.

आधार कार्डाचे फोटो

ह्याबद्दल जरा जास्त सांगायला हवं, कारण आपल्या भागात हे रोजचं आहे. पत्ता टाइप करायचा कंटाळा, त्यात आधारवरचा पत्ता कन्नड आणि इंग्रजीत. घरातल्या मोठ्या बायका मराठी वाचणाऱ्या, कुणाला कन्नड अक्षर येतं, कुणाला येत नाही. मग घरातलं पोर सरळ आधार कार्डाचा फोटो काढून पाठवतं: "ह्यावर पत्ता आहे बघा." पाठवणाऱ्याला ते सोपं जातं. आपल्या मोबाईलमध्ये मात्र तिचा फोटो, जन्मतारीख आणि आधारचा पूर्ण नंबर येऊन बसतो.

असा फोटो आला की हे करायचं. पत्ता वाचून हाताने लिहून घ्या. चॅटमधून फोटो डिलीट करा आणि डिलीट करताना फोनच्या गॅलरीतूनही जाऊ द्या. मग गॅलरी उघडून बघा, खरंच गेला का. फोटोच्या ॲपला कचरापेटी असते, तिथे तो बरेच दिवस पडून राहतो, तिथूनही काढा. आणि त्या बाईला कळवा: "पत्ता लिहून घेतला, आधारचा फोटो आमच्याकडून काढून टाकला. तुम्हीही तुमच्या बाजूने 'सगळ्यांसाठी डिलीट' करा. पुढच्या वेळी नुसता पत्ता बोलून पाठवला तरी चालेल." बोलून पाठवायची सोय सांगितली की मावश्या खूश असतात. त्यांचा आवाज ऐकून मी पत्ता लिहून घेते आणि तोही मेसेज काढून टाकते.

व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये 'मीडिया व्हिजिबिलिटी' नावाची सोय आहे. ती बंद केली की आलेले फोटो आपोआप गॅलरीत जात नाहीत. धंद्याच्या फोनवर ती बंदच ठेवा. गॅलरीत गेलेला फोटो घरातली मुलं बघतात आणि बॅकअपमध्येही तो चढतो.

कुणाला दुसऱ्या कामासाठी आधार द्यावंच लागत असेल तर शेवटचे ४ आकडे तेवढे दिसणारं मास्क्ड आधार यूआयडीएआयच्या वेबसाइटवरून उतरवून घेता येतं, हेही मी गिऱ्हाइकांना सांगते. साडीला मात्र तेही लागत नाही.

न विचारता सांगितलेलं

"दुपारी मी एकटीच असते, बेल वाजली की दार उघडत नाही, फोन करायला सांगा." "आम्ही दोघं नोकरीला, चावी शेजारच्या वहिनींकडे असते." "घरी लग्न आहे, पुढच्या आठवड्यात सगळे मंगल कार्यालयात असणार, त्याआधी पाठवा."

बायका विश्वासाने बोलतात. आपण ते जसंच्या तसं शीटमधल्या 'सूचना' ह्या रकान्यात उतरवतो, आणि तिथून ते पार्सलच्या लेबलावर छापून जातं. पार्सल किती हातांतून जातं विचार करा: आमचं दुकान, कुरिअरचं काउंटर, गाडी, दुसऱ्या गावचं गोदाम, पोचवणारा मुलगा. ह्या सगळ्यांना कळतं की अमुक घरात दुपारी एक बाई एकटी असते, तमुक घराची चावी शेजारी असते.

म्हणून सूचना लिहिताना फक्त काय करायचं ते लिहा, कारण लिहू नका. "येण्याआधी फोन करा." "संध्याकाळी ६ नंतर द्या." "शनिवारच्या आत." एवढं पुरतं. आमच्याकडे मदतीला येणाऱ्या मुलीला मी पहिल्या दिवशी हेच शिकवते, पॅकिंग नंतर.

ब्लाऊजचं माप

शिंप्याकडे माप पाठवायची जुनी पद्धत म्हणजे चिठ्ठीवर नाव, फोन, छाती, कंबर, बाही, सगळं एकत्र लिहून कापडाला टाचणी लावायची. ती चिठ्ठी शिंप्याच्या टेबलावर आठवडाभर पडते आणि येणारा-जाणारा वाचतो. आता आमच्या चिठ्ठीवर फक्त ऑर्डर नंबर आणि मापं असतात. नाव नाही, गाव नाही, फोन नाही. शिंप्याला काही अडलं तर तो मला विचारतो, मी गिऱ्हाइकाला विचारते. एक फोन वाढतो, पण कुठल्या बाईचं कुठलं माप हे कुणाला कळत नाही.

शिवून झालं की चिठ्ठी कापडाबरोबर परत येते आणि ब्लाऊजबरोबरच गिऱ्हाइकाकडे जाते. तिलाच ती पुढे उपयोगी पडते. आमच्याकडे माप ठेवायचं असेल तर विचारून: "पुढच्या वेळेसाठी तुमचं माप ठेवू का?" बऱ्याच जणी हो म्हणतात. ज्या काही बोलत नाहीत त्यांचं ठेवत नाही. गप्प राहणं म्हणजे होकार धरायचा नाही.

व्हॉट्सॲपवर काही जणी मापाचा जुना ब्लाऊज अंगात घालून फोटो पाठवतात. असा फोटो मागू नका. आला तर काम होताच काढून टाका, आणि शिंप्याला तो कधीच पुढे पाठवू नका.

कुठे ठेवायचं, कुणी बघायचं

धंद्याला वेगळा फोन घ्या. जुना चालेल, पण स्क्रीन लॉक असलेला आणि घरातल्या मुलांच्या हातात न जाणारा. व्हॉट्सॲपला टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा ६ आकडी पिन लावा. 'लिंक्ड डिव्हायसेस'मध्ये जाऊन अधूनमधून बघत जा. सणाच्या गर्दीत दुकानातल्या कॉम्प्युटरवर किंवा भाच्याच्या लॅपटॉपवर व्हॉट्सॲप उघडलेलं असतं आणि ते तसंच चालू राहतं.

ऑर्डरींची शीट गूगलवर असेल तर तिचं शेअरिंग तपासा. 'लिंक असलेल्या कुणालाही' असं असेल तर ते बदलून ठरावीक माणसांपुरतं करा. एकदा का लिंक कुठल्या ग्रुपवर गेली की सगळ्यांचे पत्ते गेले. आमच्याकडे पॅकिंग करणाऱ्या मुलीला पूर्ण शीट दिसत नाही. त्या दिवसाची लेबलं छापून तिच्या हातात जातात, तेवढंच. काम सोडून कुणी गेलं की त्याच दिवशी शीटमधून नाव काढायचं, लॉगिन बंद करायचं, पासवर्ड बदलायचा. माणसावर अविश्वास म्हणून नाही. तिच्या डोक्यावर उगाच जबाबदारी राहू नये म्हणूनही.

वहीत लिहीत असाल तर वही चांगलीच. फक्त वही काउंटरवर उघडी नको, कपाटात हवी. आणि वहीच्या पानाचा फोटो काढून कुरिअरवाल्याला पाठवू नका. त्याला एकीचा पत्ता हवा असतो आणि आपण दहा जणींचा देतो.

चुकलेली लेबलं, जुन्या याद्या रद्दीत घालू नका. आपल्याकडे रद्दीच्या कागदात भडंगही बांधून मिळतं. नाव-पत्ता-फोन असलेला कागद फाडून बारीक तुकडे करा, मग टाका. गिऱ्हाइकालाही पार्सलमध्ये एक ओळ लिहून द्या: "खोकं टाकण्याआधी वरचं लेबल फाडा."

पैशाबद्दल थोडक्यात. यूपीआयने पैसे आल्याचा स्क्रीनशॉट मी मागत नाही, आपल्या खात्यात जमा दिसले की झालं. स्क्रीनशॉटमध्ये कधीकधी तिची बँक, शिल्लक, दुसरे मेसेज असं नको ते दिसतं. पैसे परत करायचे असतील तेव्हाच यूपीआय आयडी मागा. वेबसाइट असेल तर कार्डाचं काम पेमेंट गेटवेकडे राहू द्या. १ ऑक्टोबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने दुकानदाराला कार्डाचा पूर्ण नंबर साठवता येत नाही, ओळख पटायला शेवटचे ४ आकडे तेवढे ठेवता येतात. कुणी कार्डाचा फोटो पाठवलाच तर आधारसारखंच, लगेच काढा.

लेबल आणि सीमेपलीकडची पार्सलं

लेबलावर नाव, पत्ता, पिन, फोन आणि आपला परतीचा पत्ता. आत काय आहे, किंमत किती, हे बाहेरून दिसू नये. बिल पाकिटात घालून आत ठेवा. 'शालू' असं लिहिलेलं पार्सल हे लग्नघराची जाहिरातच असते.

सीमेवर वातावरण तापलं की दोन्हीकडच्या बस थांबतात, हे आपल्याला नवीन नाही. अशा वेळी लग्नाची साडी अडू नये म्हणून आपण ओळखीच्या कुणाच्या गाडीतून शिनोळीपर्यंत किंवा कोल्हापूरपर्यंत पाठवतो आणि तिथून गिऱ्हाईक घेऊन जातं. तेव्हा पार्सलवर पूर्ण पत्ता लिहायची गरज नाही. नाव आणि ऑर्डर नंबर पुरतो. घ्यायला आलेल्याने ऑर्डर नंबर सांगायचा, गाडीवाल्याने पार्सल द्यायचं. गाडीवाल्याला तिचा फोन द्यायचा तर तिला विचारून.

आणखी एक, आपल्याच भागातलं. कुणाला मराठीत मेसेज पाठवायचा, कुणाला कन्नडमध्ये, ह्याची नोंद मी ठेवते, पण आडनावावरून किंवा गावावरून अंदाज करून नाही. पहिल्याच मेसेजला विचारते. एकाच आडनावाची घरं दोन्ही भाषांत असतात, आणि आपण त्यांना आपल्या मनाने कुठल्या तरी बाजूला टाकायचं काही कारण नाही. जात, धर्म, पक्ष ह्यांची तर कुठलीच नोंद नको, कुणी बोलण्याच्या ओघात सांगितलं तरी.

"माझ्या बहिणीची ऑर्डर आहे, पत्ता वाचून दाखवा"

असे फोन येतात. आवाज गोड असतो, नाव बरोबर सांगतात, साडीचा रंगही सांगतात. "पत्ता चुकलाय असं ती म्हणतेय, जरा वाचून दाखवता?" बहुतेक वेळा खरंच भाऊ असतो. तरीही पत्ता वाचून दाखवायचा नाही. तो एक पत्ता सांगेल आणि आपण नुसतं "हो, बरोबर" म्हटलं, तरी पत्ता दिल्यासारखंच झालं.

माझं उत्तर ठरलेलं आहे: "दादा, ज्या नंबरवरून ऑर्डर आली त्याच नंबरवरून मेसेज करायला सांगा, लगेच बदलून देते." चिडतात काही जण. चिडू देत. कुठल्या बाईचा पत्ता कुणापासून लपवलेला आहे हे आपल्याला कधीच कळणार नाही. नवऱ्याचं घर सोडून आलेली असते, कुणी मागे लागलेलं असतं, किंवा साधं म्हणजे स्वतःच्या पगाराची साडी सासरी न सांगता घेतलेली असते. तिने काय घेतलं, कितीला घेतलं, घेतलं की नाही, हेसुद्धा नवऱ्याला सांगायचं नाही. आणि नवरा बायकोसाठी गुपचूप साडी घेत असेल तर बायकोलाही नाही. नियम एकच ठेवला की कुणाला वाईट वाटायचं कारण राहत नाही.

पोलीस म्हणून फोन आला तरी फोनवर काही सांगू नका. नाव, ठाणं विचारा, लेखी मागा, आणि त्या ठाण्याचा नंबर स्वतः शोधून खात्री करा. खऱ्या पोलिसांना ह्यात काही वावगं वाटत नाही.

नवीन मालाचे मेसेज

दिवाळी आली की ज्याने एकदा साडी घेतली त्याला पन्नास फोटो, असं आपल्याकडे सर्रास चालतं. इथे कायद्यातली गोष्ट समजून घ्यायला हवी. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि दुकानदारांना लागणारा त्यातला मोठा भाग १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतो. त्या कायद्यातच एक उदाहरण दिलं आहे: औषधाच्या दुकानात एखादीने पैशाची पावती फोनवर पाठवा म्हणून नंबर दिला, तर दुकानदाराने तो पावती पाठवण्यासाठी वापरावा. आपल्यालाही तेच लागू. पार्सलसाठी दिलेला नंबर पार्सलसाठी. जाहिरातीसाठी वेगळा होकार हवा, आणि दिलेला होकार मागे घेणं तो देण्याइतकंच सोपं हवं. म्हणून आमच्या प्रत्येक जाहिरातीच्या मेसेजखाली "नको असेल तर 'बंद' लिहा" असतं, आणि 'बंद' आलं की मी "का हो?" असं विचारत नाही.

त्याच कायद्यात असंही आहे की संमतीचा मजकूर गिऱ्हाइकाला इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कुठल्याही भाषेत वाचता आला पाहिजे. मराठी, कन्नड, कोकणी तिन्ही त्यात आहेत. आपण बेळगावची माणसं, आपल्याला हे इतरांपेक्षा सोपं जायला हवं. वर दिलेला मेसेज मी शेजारच्या ओळखीच्या शिक्षिकेकडून कन्नडमध्येही करून घेतला आहे. कुठल्या तरी भाषांतराच्या ॲपमधून काढून थेट पाठवू नका, माणसाकडून एकदा वाचून घ्या.

ग्रुप करू नका. व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये एकीचा नंबर सगळ्यांना दिसतो, आणि त्यातला एखादा भलता माणूस रात्री अकराला "हाय" पाठवतो. त्याऐवजी ब्रॉडकास्ट लिस्ट करा. एका यादीत २५६ जण बसतात, कुणाला कुणाचा नंबर दिसत नाही, आणि ज्यांनी आपला नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच तो मेसेज जातो.

१८ वर्षांखालच्या मुलींच्या बाबतीत कायदा जास्त कडक आहे: आई-वडिलांची पडताळता येणारी संमती हवी आणि मुलांना हेरून जाहिराती दाखवायला मनाई. कॉलेजच्या गॅदरिंगसाठी खणाची साडी विचारणारी मुलगी लहान वाटली की मी ऑर्डर आईच्या फोनवरून घेते आणि मुलीचा नंबर यादीत घालत नाही.

साडी नेसून काढलेले फोटो गिऱ्हाईक प्रेमाने पाठवतं. ते स्टेटसला लावायच्या आधी विचारा, आणि कुठे लावणार तेही सांगा. स्टेटसला हो म्हणाली म्हणजे इन्स्टाग्रामला हो असं नाही. चेहरा नको म्हणाली तर पदर आणि काठ दिसेल इतकाच कापून घ्या.

किती दिवस ठेवायचं

पार्सल पोचलं, बदलीची मुदत संपली, की शीटमधून पत्ता आणि फोन काढायचा. महिन्याच्या शेवटी एक दुपार ह्या कामाला ठेवा. जिला परत पत्ता सांगायचा कंटाळा आहे ती स्वतःच म्हणते, "असू दे गं तुझ्याकडे." तिचा ठेवायचा.

बिलाचं वेगळं आहे. जीएसटीच्या कायद्याने हिशेबाचे कागद वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने ठेवावे लागतात. पण त्या बिलावर सगळा पत्ता हवाच असं नाही. गिऱ्हाइकाची जीएसटी नोंदणी नसेल आणि बिल ५०,००० च्या खाली असेल तर राज्याचं नाव असलं की कर कुठल्या राज्याचा हे ठरतं. आमच्यासाठी ते महत्त्वाचं, कारण खानापूरचं गिऱ्हाईक कर्नाटकातलं आणि तिथून थोड्याच अंतरावरचं चंदगडचं महाराष्ट्रातलं. तुमच्या करसल्लागाराला एकदा दाखवून घ्या आणि बिलाचा नमुना तसा करा. मग वर्षानुवर्षं ठेवाव्या लागणाऱ्या कागदावर कुणाचं घर राहत नाही.

"माझी माहिती काढून टाका" असं कुणी म्हटलं तर एवढ्या ठिकाणी बघायचं: शीट, फोनमधला कॉन्टॅक्ट, चॅट, गॅलरी, ब्रॉडकास्ट यादी, मापाची नोंद, कुरिअरच्या ॲपमध्ये सेव्ह झालेला पत्ता. हा शेवटचा बरेचदा राहून जातो. मग उत्तर द्या: "तुमचा पत्ता, फोन आणि माप आमच्याकडून काढलं. बिलाची नोंद कर-कायद्यामुळे ठेवावी लागते, त्यावर फक्त नाव आणि राज्य आहे." हे खरं असेल तरच लिहा.

तक्रार आली तर ती आल्याचं ताबडतोब कळवा. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांत तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात, अशी मुदत आहे. आपण कितीही लहान असलो तरी ही मुदत पाळण्यासारखी आहे.

फोन हरवला तर

आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी फोन मारला जाणं काही अवघड नाही. तेव्हा काय करायचं ते आधीच कागदावर लिहून दुकानात चिकटवा. पहिलं सिम बंद करून त्याच नंबरचं नवीन घ्या आणि दुसऱ्या फोनवर व्हॉट्सॲप चालू करा, म्हणजे जुन्या फोनवरचं बंद पडतं. गूगल खात्यात जाऊन हरवलेलं डिव्हाइस साइन आउट करा. पोलिसांत तक्रार द्या आणि सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावर आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख नंबर, टाकून फोन ब्लॉक करा. त्यासाठी फोनच्या खोक्यावरचा आयएमईआय आजच लिहून ठेवा.

मग गिऱ्हाइकांना कळवा. इथेच बहुतेक दुकानं गप्प बसतात, नाव खराब होईल म्हणून. पण चोराच्या हाती तुमची ऑर्डरींची यादी असली की तो त्या बायकांना तुमच्या दुकानाच्या नावाने फोन करतो, साडीचा रंग आणि रक्कम बरोबर सांगतो आणि "पैसे परत पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा" म्हणतो. त्या फसतात त्या तुमच्या नावावर विश्वास ठेवून. नवीन नियमांत तर माहिती बाहेर गेल्याचं गिऱ्हाइकांना आणि डेटा संरक्षण मंडळाला विनाविलंब कळवायचं आहे, आणि मंडळाला सविस्तर तपशील ७२ तासांत द्यायचा आहे. सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्याबद्दल दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो. तो आकडा मोठ्या कंपन्यांनाही घाम फोडणारा आहे, पण कायदा लहान दुकानालाही ओळखतो.

मेसेज साधा ठेवा:

"आमच्या दुकानाचा फोन काल हरवला. त्यात तुमचं नाव, पत्ता, फोन नंबर आणि ऑर्डर होती. आधार, कार्ड किंवा बँकेची माहिती नव्हती. आमच्या नावाने कुणी ओटीपी, पिन किंवा क्यूआर स्कॅन करायला सांगितलं तर करू नका; पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. कुणाचे पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा. आमचा नंबर हाच आहे, शंका असेल तर दुकानात या किंवा फोन करा."

"आधार, कार्ड नव्हतं" ही ओळ तुम्हाला लिहिता यावी म्हणून वरचे फोटो त्या-त्या दिवशीच काढायचे. आणि हा मेसेज ज्यांना व्हॉट्सॲप नीट वाचता येत नाही अशा आज्या-मावश्यांना फोन करून सांगा, त्यांच्या भाषेत, सावकाश, आणि १९३० हा नंबर त्यांना कॅलेंडरवर लिहून ठेवायला लावा.